उशिरा आलेली शिष्यवृत्ती म्हणजे नाकारलेले शिक्षण
दरवर्षी आम्ही वस्तीतल्या मुलामुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेले खाते, सगळे वेळेत. पैसे मात्र वर्ष संपले तरी येत नाहीत आणि कॉलेज फीसाठी निकाल अडवते. २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. म्हणजे उशीर सरकार करणार आणि थकबाकीदार ठरणार मजुराची मुलगी!

अनुसूचित जातींसाठीची ही योजना १९४४ सालची. तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. हा आमचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. पहिल्या सत्रातच रक्कम द्या. तोवर एकाही विद्यार्थ्याची कागदपत्रे अडवू नका.

जय भीम!