साडेआठनंतरची शांतता



खान्देशात ‘अपडाऊन’ या शब्दाचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. भुसावळहून जळगावला, चाळीसगावहून धुळ्याला रोज जाणारी आणि दिवेलागणीला परतणारी माणसे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. इंग्लंडमध्ये तर अशा अपडाऊनच्या बळावर सबंध गावे वाढली आहेत. लंडनमध्ये नोकरी, पण घर मात्र तास-पाऊण तासाच्या अंतरावरील एखाद्या शांत गावी, अशी तेथील अनेक कुटुंबांची रीत आहे. आपल्यापैकी कित्येकांची मुले, सुना, लेकी आणि जावई आज अशा गावांत राहतात. जळगावचा पारा त्रेचाळीसच्या वर गेला की तिकडून हमखास आग्रह येतो, “या वर्षी तरी उन्हाळ्यात इकडे या.” हा आग्रह स्वीकारण्यापूर्वी, आणि स्वीकारल्यावर, ज्येष्ठांनी व त्यांची काळजी घेणाऱ्यांनी कोणता विचार करावा, तो या लेखात मांडत आहे.

उदाहरणादाखल ससेक्समधील हेवर्ड्स हीथ हे गाव घेऊ. लंडन ते ब्रायटन हा लोहमार्ग 1841 साली सुरू झाला, तेव्हा येथे मोकळे माळरान होते. पूर्वेला लिंडफील्ड आणि पश्चिमेला कुकफील्ड अशी दोन जुनी गावे. स्थानक त्यांच्या मधल्या माळावर झाले आणि त्या स्थानकाभोवती नवे गाव वाढले. भुसावळच्या वाचकांना ही कथा परकी वाटणार नाही. गावापासून थोड्या अंतरावर याच मार्गावरचा 37 कमानींचा विटांचा पूल आजही रोजच्या गाड्यांचा भार वाहतो आहे. लंडन येथून सुमारे पाऊण तासावर आहे, तर ब्रायटनचा समुद्रकिनारा गाडीने वीस मिनिटांच्या आत. मधल्या पट्ट्यात साउथ डाउन्सच्या खडूच्या टेकड्या, कुरणे आणि मेंढ्या. चित्र मनोहर आहे, यात शंका नाही.

तथापि या चित्रातील एक गोष्ट छायाचित्रात उमटत नाही. सकाळी साडेआठपर्यंत घरात धावपळ असते. त्यानंतर मुलगा गाडी पकडतो, सून कामाला बसते किंवा बाहेर पडते, नातवंडे शाळेत जातात आणि घरावर शांतता उतरते. भाजीवाल्याची आरोळी नाही, शेजारणीची हाक नाही, मंदिराची घंटा नाही. रस्त्यावर गाड्या दिसतात, माणूस क्वचितच दिसतो. पहिला आठवडा ही शांतता औषधासारखी वाटते. तिसऱ्या आठवड्यात तीच अंगावर येऊ लागते. भूक मंदावणे, दुपारी फार झोपणे, रात्री जाग राहणे, लहानशा बोलण्याने डोळे भरून येणे, ही लक्षणे दिसू लागली तर ‘हवा मानवत नाही’ असे म्हणून ती सोडून देऊ नयेत. पुष्कळदा तो एकटेपणा असतो. तो मोकळेपणाने बोलून दाखवणे म्हणजे मुलांच्या पाहुणचाराला नावे ठेवणे नव्हे.

यावर पहिला उपाय म्हणजे दिवसाला स्वतःचा आकार देणे. घराची एक किल्ली आपल्या हाती असावी. पहिल्या दोन-तीन दिवसांत मुलासोबत घर ते दुकान, घर ते ग्रंथालय, घर ते बागेतील बाक असे तीन रस्ते चालून पाहावेत व नंतर ते एकट्याने चालावेत. खिशात घराचा पत्ता आणि मुलाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. मेहरूण तलावाकाठी किंवा पांझरेच्या पुलावर रोज फिरणाऱ्या माणसाचे पाय तेथेही चालायला हवेत. इंग्लंडमध्ये शेतांतून व कुरणांतून जाणाऱ्या पाऊलवाटांवर चालण्याचा सर्वांना कायदेशीर हक्क आहे. अशा वाटेवर खांबाला पिवळा बाण लावलेला असतो. शेती केलेल्या माणसाला दुसऱ्याच्या शेतातून असे राजरोस चालताना आरंभी संकोच वाटेल, पण फाटक उघडले की ते पुन्हा लावून घ्यावे, एवढी शिस्त पाळली म्हणजे पुरे. वाटेवर ठिकठिकाणी बाक असतात. कित्येक बाकांवर कुणा दिवंगताच्या नावाची पाटी आढळते. त्या माणसाला ही जागा आवडत असे, म्हणून घरच्यांनी तेथे बाक ठेवलेला असतो. दमलेल्याला त्यावर बसू देणे, ही स्मरणाची फार सुंदर रीत आहे.

दुसरा उपाय घड्याळाचा. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते, तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेपाच तास. म्हणजे उन्हाळ्यात तेथील सकाळचे अकरा ही येथील दुपारी साडेतीनची, वामकुक्षी आटोपून चहा ठेवण्याची वेळ. घर रिकामे असते नेमक्या त्याच वेळी इकडच्या बहिणीशी, मित्राशी, व्याह्यांशी बोलण्याचा नेम ठेवता येतो. अहिराणीत दहा मिनिटे मनमुराद बोलल्याने मनाला येणारा हलकेपणा दुसऱ्या कशाने येत नाही. नातवंडांनाही अहिराणीतील चार शब्द, एखादी ओवी, एखादे कोडे शिकवावे. ते त्यांना दुसऱ्या कुणाकडून मिळणार नाही.

जूनमध्ये तेथे रात्री नऊनंतर सूर्य मावळतो, डिसेंबरात मात्र चारच्या आतच अंधार पडू लागतो. त्यामुळे उन्हाळ्यात झोपण्याच्या खोलीला जाड पडदे हवेत, आणि हिवाळ्यात दुपारच्या आतच फिरून यायला हवे. त्या देशात शरद व हिवाळ्यात प्रौढांना रोज 10 मायक्रोग्रॅम ‘ड’ जीवनसत्त्व घेण्याचा सरकारी सल्ला दिला जातो. सावळ्या त्वचेच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा, असेही सांगितले जाते. आपण आधीच अशी गोळी घेत असाल, तर दुसरी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आता घराविषयी. तेथील घरांत झोपण्याच्या खोल्या व स्नानगृह बहुधा वरच्या मजल्यावर असतात आणि जिना अरुंद, गालिचा घातलेला असतो. स्नानासाठी उंच काठाचा टब असतो. पाणी त्याच्या बाहेर सांडून चालत नाही, कारण फरशीला मोरी नसते. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी हा काठ ओलांडणे हा दिवसातील सर्वांत धोक्याचा क्षण असतो. मुलांनी तिकीट काढण्यापूर्वीच टबात रबरी चटई, भिंतीला पकडदांडा आणि जिन्यावर रात्री जळणारा मंद दिवा यांची सोय करावी. थंडीत तहान कमी लागते, म्हणून पाण्याचा तांब्या डोळ्यांसमोर असावा. पाणी कमी पडले की बद्धकोष्ठ आणि चक्कर ही दोन्ही दुखणी पाठोपाठ येतात.

स्वयंपाकघर हा जीव रमवण्याचा मोठा आधार. मात्र खमंग फोडणी बसली की छतावरील धुराचा इशारा देणारे यंत्र किंचाळू लागते, म्हणून खिडकी आधी उघडावी. तेथील वांगे जांभळे-काळे असते, आपल्या हिरव्या वांग्याची चव त्याला नाही. तरी ओव्हनमध्ये भाजून त्याचे भरीत बऱ्यापैकी साधते. बिबडे, कळण्याचे पीठ असे कोरडे जिन्नस नियम पाहून सोबत न्यावेत. मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ भारतातून नेण्यास तेथे मनाई आहे, म्हणजे घरचे तूप आणि पेढे घरीच ठेवायला हवेत.

प्रवासाचीही तयारी असावी. मुंबई ते लंडन हा विमानप्रवास नऊ-दहा तासांचा. इतका वेळ पाय लोंबते ठेवून बसल्यास पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. तासा-दीड तासाने उठून चार पावले टाकावीत, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी प्यावे. ज्यांना पूर्वी अशी गुठळी झाली आहे किंवा अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी डॉक्टरांच्या संमतीविना निघू नये. औषधे हातातील पिशवीत, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह असावीत. चिठ्ठीवर औषधाचे व्यापारी नाव पुरत नाही, मूळ नाव हवे, कारण आपली व्यापारी नावे तेथे ओळखली जातीलच असे नाही. इन्शुलिन घेणाऱ्यांनी बदललेल्या वेळांचा तक्ता आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. निघण्यापूर्वी दातांची तपासणी करून घ्यावी आणि चष्म्याचा दुसरा जोड बरोबर ठेवावा.

तेथे आजारी पडल्यास काय, हा प्रश्न संकोचाने टाळला जातो. इंग्लंडमध्ये आपत्कालीन मदतीचा क्रमांक 999 आणि तातडीच्या पण प्राणावर न बेतलेल्या तक्रारीसाठी 111. जनरल प्रॅक्टिशनरकडील तपासणीला पाहुण्यांनाही पैसे पडत नाहीत. अपघात विभागातील उपचारही विनामूल्य असतात, पण रुग्णालयात दाखल करून घेतले की चित्र पालटते. सहा महिन्यांपर्यंतच्या भेटीच्या व्हिसावर आलेल्या आपल्याकडील पाहुण्यांना तेव्हापासून ठरावीक सरकारी दराच्या दीडपट आकारणी होते. ही रक्कम थकल्यास पुढचा व्हिसा मिळण्यात अडचण येऊ शकते. म्हणून विमा हवाच, आणि विम्याच्या अर्जात मधुमेह, रक्तदाब, जुना हृदयविकार यांपैकी काहीही लपवू नये. लपवलेला आजार म्हणजे ऐनवेळी नाकारलेला दावा. परदेशात मृत्यू आल्यास पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च विम्यात आहे का, हेही विचारून ठेवावे. हा प्रश्न विचारल्याने अशुभ घडत नाही. न विचारल्याने मागे राहिलेल्यांचे हाल होतात.

प्रकृती ठीक असेल तर समुद्र अवश्य पाहावा. साठी ओलांडलेल्यांना रेल्वेचे ज्येष्ठांसाठीचे कार्ड विकत घेता येते आणि त्यावर बहुतेक तिकिटांत एक तृतीयांश सवलत मिळते. ब्रायटनच्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. त्यामुळे गुडघ्यांचा विचार करून काठावरच्या फरसबंद रस्त्यानेच चालावे. या किनाऱ्याचा आरोग्याशी संबंध जुना आहे. जवळच्या लुईस गावचे डॉ. रिचर्ड रसेल यांनी 1750 साली समुद्राच्या पाण्याचे औषधी गुण सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि रोग्यांची रीघ इकडे लागली. ते पाणी पिण्याचाही सल्ला देत, तो मात्र आज कुणी मानू नये! पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी येथे वाफेचे स्नान आणि चंपीमालिश सुरू केली आणि इंग्लंडच्या दोन राजांनी त्यांची सेवा घेतली.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी येथील राजवाड्यातच रुग्णालय उघडण्यात आले होते आणि निरनिराळ्या धर्मांच्या सैनिकांसाठी वेगवेगळी स्वयंपाकघरे होती. परक्या देशात बरे होण्यासाठी ओळखीचे अन्न लागते, हे तेव्हाच्या व्यवस्थापकांनाही उमगले होते. जे वाचले नाहीत त्यांपैकी 53 हिंदू व शीख सैनिकांवर गावाबाहेरच्या टेकडीवर अग्निसंस्कार झाले आणि 1921 साली तेथे संगमरवरी छत्री उभारण्यात आली. तेथवर वाहन जात नाही, चढ चालावा लागतो. ज्यांना झेपेल त्यांनीच जावे.

याच किनाऱ्यावर 1909 साली वि. दा. सावरकरांनी सागराला उद्देशून लिहिलेली कविता मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. ते तेव्हा ऐन तारुण्यात होते, तरी मातृभूमीच्या ओढीने व्याकुळ झाले. मग सत्तरी उलटलेल्या आपल्या जिवाला त्याच पाण्यासमोर घराची आठवण आली, तर त्यात कमीपणा कसला? ती आठवण मुलांजवळ बोलून दाखवावी.

शेवटी सर्वांत कठीण मुद्दा. ज्यांना स्मृतिभ्रंशाचा आरंभ झाला आहे, त्यांना अनोळखी घर, बदललेले दिवसरात्र आणि दिवसभराची निःशब्दता यांमुळे गोंधळ वाढण्याची भीती असते. ज्यांचे हृदय, श्वास किंवा मूत्रपिंड अस्थिर आहे, त्यांचीही गोष्ट तशीच. अशा वेळी मुलांनी आग्रह मागे घेऊन स्वतः यावे. घरी राहिलेले आईवडील ‘मागासलेले’ नसतात आणि न गेल्याने नाते उणे होत नाही. पती-पत्नींपैकी एकालाच प्रवास झेपत असेल, तर मागे राहणाऱ्याची व्यवस्था आधी ठरवावी, मगच तिकीट काढावे. सुनेनेही हे ध्यानात घ्यावे की सासूबाई आल्या म्हणजे पाळणाघराची सोय झाली असे नव्हे, आणि सासूबाईंनी हे की नोकरी करून घरी परतलेल्या सुनेलाही विसाव्याची गरज असते. आठवड्यातले किती दिवस नातवंडे सांभाळायची, हे पहिल्याच रविवारी चहाच्या वेळी मोकळेपणी ठरवून टाकावे.

सहा महिन्यांचा व्हिसा मिळाला म्हणून सहा महिने राहिलेच पाहिजे असेही नाही. पहिल्या खेपेला सहा ते आठ आठवडे पुरेत. परतीची तारीख ठाऊक असली म्हणजे साडेआठनंतरची ती शांतता जाचत नाही. मग खिडकीशी बसून चहा घेताना समोरच्या झाडावरचा पक्षी दिसू लागतो आणि फिरायला निघावेसे वाटते.