बेडिंग की फ्री-फ्लोट? आधी नोट सरकवून बघा

आमच्या नागोठण्याच्या घराचं मागचं दार जूनमध्ये लागत नाही. म्हणजे लागतं, पण खांदा लावून. मग सुताराला बोलवायचं, त्याने कडेवर रंधा मारायचा, आणि दिवाळीनंतर त्याच फटीतून वारा आत यायचा. लाकूड रेषांच्या आडवं फुगतं, रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच, हे मला त्या दाराने शिकवलं.

गेल्या पावसाळ्यात हे दार फार कामाला आलं. माझी भाची ५० मीटर रायफल थ्री पोझिशन खेळते. म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांनी ब्राँझ मिळवलं, तोच प्रकार. यात दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं. नळी एका अंशाच्या शंभराव्या भागाने जरी वळली, तरी ५० मीटरवर गोळी जवळपास पावणेनऊ मिलिमीटर सरकते. झाला एक गुण कमी.

तर भाचीचे फटके जुलैपासून डावीकडे सरकायला लागले. झोपून आणि गुडघ्यावर जास्त, उभ्याने बरेच कमी. रायफल क्लबची, जुनी, लाकडी दस्त्याची. एका जाणकाराने सांगितलं, "नळी गेलीय, आता स्वतःची नवी घ्या." दुसरा म्हणाला, "बेडिंग करा." तिसरा म्हणाला, "बेडिंग जुनं झालं, हल्ली सगळे फ्री-फ्लोट करतात." भावजी बँकेत कर्जाची चौकशी करून आले होते. नवी चांगली रायफल म्हणजे काही लाखांचा मामला, आणि घरात दुसरी कमाई नाही.

माझं स्पष्ट मत आहे की "बेडिंग की फ्री-फ्लोट" हा प्रश्नच चुकीचा आहे. बेडिंग म्हणजे रायफलचा मागचा भाग, ज्याला ॲक्शन म्हणतात, तो दस्त्यात घट्ट आणि दर वेळी अगदी त्याच जागी बसवणं. खोबणीत इपॉक्सी भरतात, धातूला ते चिकटू नये म्हणून मेण किंवा तसलं काही लावतात (हे विसरलात तर रायफल आणि दस्ता जन्माचे सोबती), आणि इपॉक्सी वाळली की ॲक्शनचा हुबेहूब साचा तयार. फ्री-फ्लोट म्हणजे पुढची नळी दस्त्याला कुठेही न टेकणं. एक पाया धरून ठेवतं, दुसरं पुढच्या टोकाला मोकळं सोडतं. दोन्ही एकाच रायफलमध्ये नांदतात, बहुतेक वेळा नांदायलाच हवेत.

मग हा वाद आला कुठून? जुन्या लष्करी रायफलींमधून. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली .३०३ आठवा. नळीवर जवळजवळ टोकापर्यंत लाकूड. त्या घराण्यातल्या नंबर ४ मध्ये तर पुढचं लाकूड नळीला खालून मुद्दाम दाबत असे, म्हणजे गोळी सुटताना नळीची थरथर ठरावीक राहावी. तापलेल्या नळीने हात भाजू नये, पुढे संगीन लावता यावी, अशा सैनिकाच्या गरजा होत्या त्या. नीट बसवलेली अशी रायफल उत्तम मारते, आणि काही बारीक नळ्या आजही थोड्या दाबानेच बऱ्या चालतात. पण तो दाब रोज तेवढाच हवा. आणि कोकणातलं लाकूड जूनमध्ये आणि जानेवारीत एकच दाब देईल? आमचं दार बघून जा एकदा.

आता भाचीची रायफल. झोपून आणि गुडघ्यावर नेम धरताना दंडाला बांधलेला पट्टा दस्त्याचा पुढचा भाग खेचतो. उभ्याने पट्टा वापरायचा नसतो. म्हणजे पट्टा असताना फटके जास्त सरकतात, तर पट्ट्याचा ताण नळीपर्यंत पोचतोय. तो पोचणार कसा, लाकूड कुठेतरी टेकल्याशिवाय? नळी गेली असती तर तिला पट्ट्याशी काय देणंघेणं होतं! (दिवसभर बग शोधणाऱ्या माणसाला हे सुचायला तीन आठवडे लागले, हे ऑफिसात सांगू नका.)

शनिवारी क्लबमध्ये गेलो. तिथल्या आर्मररसमोर दहाची कोरी नोट नळीखालून घालून मागे सरकवत नेली. चेंबरच्या वीतभर अलीकडे उजव्या बाजूला अडकली. पट्टा ताणला की दस्त्याची उजवी भिंत नळीला डावीकडे रेटत होती. आर्मररने लाकडी दांड्याला पॉलिश पेपर गुंडाळून तेवढीच जागा घासली, उघड्या लाकडावर वार्निशचे दोन हात दिले. खर्च, चहा धरून, दोनशेच्या आत.

फटके मधे आले. पण ग्रुप अजून विस्कटलेलाच होता, आणि इथे बेडिंगवाला जाणकार खरा ठरला. ॲक्शनचे स्क्रू सोडून परत आवळले की ग्रुपची जागा बदलायची. खालचं लाकूड दबून गेलं होतं. ते काम आर्मररने ऑक्टोबरमध्ये, हवा कोरडी झाल्यावर केलं, आणि स्क्रू आता टॉर्क रेंचने मोजून आवळतो. भावजींनी कर्जाचा फॉर्म कपाटात ठेवलाय, फाडला नाहीये.

मागच्या रविवारी भाचीने झोपून दहा गोळ्या मारल्या. नऊ दहाच्या आत, एक आठात. मी लगेच खिशातून नोट काढली. ती म्हणाली, "मामा, ती माझी होती. श्वास सोडला मी."