नाजूक बोटं कुणाची?

माझ्या भावाने अमेरिकेहून आमच्या भाच्याला एक किट पाठवलं. ‘स्टार ट्रेक’ मालिकेतलं एंटरप्राइज यान, १:१००० प्रमाणातलं, जोडून झालं की फूटभरही लांब नाही. भाच्याने ते माळ्यावर टाकलं, त्याच्या बहिणीने खाली काढलं. ती नववीत आहे. तिला नुसतं यान नको होतं, त्याच्या खिडक्या उजळायला हव्या होत्या.

सामानासाठी आम्ही दोघी लॅमिंग्टन रोडला गेलो. ३ मिलिमीटरचे एलईडी, रेझिस्टर, इनॅमलची बारीक तार, सोल्डरिंग आयर्न. दुकानदाराने माझ्याकडे बघून विचारलं, “जोडणार कोण, मिस्टर?” मी एकटी राहते हे त्याला सांगायचं काही कारण नव्हतं, तरी सांगितलं.

हिशेब पोरीनेच केला. बॅटरी ९ व्होल्टची, पांढऱ्या एलईडीला लागतात साधारण ३. उरलेले ६ रेझिस्टरवर पाडायचे, म्हणून ३३० ओहम. लाल एलईडीला २ व्होल्ट पुरतात, म्हणून त्याला ३९०. ओहमचा नियम आपल्या मुलींना पाठ असतो, पण हातात येत नाही. कवचाला आतून आधी काळा रंग दिला, म्हणजे प्लास्टिकमधून उजेड झिरपत नाही. त्यावर पांढरा, म्हणजे तो खिडक्यांकडे परततो. बॅटरी बैठकीत, तारा दांडीतून वर.

सोल्डर मात्र बसेना. नुसते गोळे होत, तार सुटून येई. हे सगळं रविवारी आमच्या वस्तीतल्या केंद्रावर चाललं होतं. तिथे येणारी एक ताई बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, “तुम्ही सोल्डर तापवताय. तार खरवडा, जोड तापवा, सोल्डर आपोआप धावेल.” दोन मिनिटांत तिने चार जोड दिले, चकचकीत. अकरा वर्षं ती एका कारखान्यात सर्किट बोर्डांवर हेच करत होती. पगारपत्रकावर हुद्दा काय? हेल्पर. आणि घरचा मिक्सर बिघडला तर उघडणार नवरा, त्याला येत नसलं तरी!

हा योगायोग नव्हे. डायान एल्सन आणि रुथ पिअर्सन यांनी १९८१ सालीच दाखवून दिलं होतं की बायकांची बोटं जन्मतः चपळ नसतात. घरात शिवणटिपण करून ती तयार होतात. पण ते शिक्षण घरात होतं म्हणून कुणी मोजत नाही, आणि कामावर ‘अकुशल’ शिक्का बसतो. खऱ्या यानांचंही तेच. अपोलोच्या संगणकाची स्मृती वॉल्थॅमच्या रेथिऑन कारखान्यात बायकांनी तारा ओवून विणली. तार कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. एक चूक झाली तर चंद्रावर जाणाऱ्यांचा जीव धोक्यात. अभियंते तिला काय म्हणत? ‘म्हाताऱ्यांची मेमरी’.

तेच काम पुरुषाने रविवारी स्वतःच्या टेबलावर केलं की ते कौशल्य, छंद, डोकं. बाईने पोटासाठी केलं की नाजूक बोटं.

आमच्याच बैठकीत एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, “रेशनचे प्रश्न पडलेत आणि तुम्ही खेळणी उजळवताय?” तिच्याबद्दल मला आदर आहे, पण हे मला पटत नाही. मुलग्यांना आपण हा प्रश्न विचारतो का? त्यांनी रेडिओ मोडला तर ‘इंजिनिअर होणार’. बाईच्या हौसेला मात्र प्रश्न सुटेपर्यंत रांगेत उभं राहावं लागतं. आणि आपण तरी बायकांना काय शिकवतो? शिवण, मेंदी, पार्लर. वीस वर्षांपूर्वी काढलेल्या वर्गांचे तेच फलक आजही लटकताहेत.

केंद्रावर आता दर गुरुवारी सोल्डरिंगचा वर्ग आहे. खिडकीजवळ बसायचं, धूर नाकात घ्यायचा नाही, शिशामुळे नंतर हात साबणाने धुवायचे. शिकवते ती ताई. नमुना म्हणून यान टेबलावर असतं. पुढचे दोन लाल दिवे तिने जोडलेत, बाकी भाचीने.

मानधनाच्या कागदावर मी तिच्या नावापुढे ‘प्रशिक्षक’ लिहिलं. कार्यालयातून, म्हणजे आपल्याच कार्यालयातून, फोन आला: प्रमाणपत्र नाही, ‘मदतनीस’ लिहा. मी अजून खोडलेलं नाही.