तहान मारण्याचे दुखणे

मला मूतखडा झाल्याचे कळले, तेव्हा शेजारच्या काकूंनी टोमॅटो बंद करायला सांगितले, थोरल्या जाऊबाईंनी पालक, तर यजमानांनी बोअरचे पाणी. सासूबाईंनी दूधच तोडले. खडा कॅल्शियमचा, मग दूध कशाला? पाणी किती पितेस, हे मात्र कुणीच विचारले नाही. शाळेच्या सात तासांत मी जेमतेम एक भांडे पाणी पीत असे. शिक्षिकांच्या मुतारीला ना धड कडी, ना नळाला पाणी. बावीस वर्षे मी तहान मारली. खडा त्यामुळेच झाला, असे छातीठोकपणे कुणी सांगणार नाही. पण माझा संशय तिथेच आहे.

बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात, हे खरे. परंतु जेवणातले कॅल्शियम ऑक्झॅलेटला आतड्यातच बांधून ठेवते. दूध तोडले, की तेच ऑक्झॅलेट मोकळे होऊन लघवीत उतरते. पालक बेताने खावा. टोमॅटोवर मात्र उगाच आळ आहे. खरा चोर मीठ. ते वाढले की लघवीवाटे कॅल्शियमही अधिक जाते. म्हणजे लोणच्या-पापडांना कुणी बोल लावत नाही, आणि दूध बिचारे बदनाम!

1996 साली इटलीतल्या डॉक्टरांनी पहिलाच खडा झालेल्या 199 रोग्यांची पाच वर्षांची पाहणी प्रसिद्ध केली. भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी 12 जणांना पुन्हा खडा झाला, नेहमीइतकेच पिणाऱ्यांपैकी 27 जणांना. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हावी, इतके पाणी पोटात जायला हवे. (हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.)

हा आजार पुरुषांत अधिक. उन्हातला गवंडी, भट्टीपुढचा कामगार यांचे पाणी घामावाटे जाते. पण त्यांना निदान आडोसा तरी सापडतो. बाजारात भाजी विकणारी, एस.टी.तली कंडक्टर यांनी जावे कुठे? डॉक्टर ‘पाणी भरपूर प्या’ असे लिहून देतात, जणू ती रोग्याच्या एकट्याच्या मर्जीची गोष्ट आहे!

माझ्या वर्गातल्या मुली पाण्याच्या बाटल्या भरलेल्याच घरी परत नेत. मी त्यांना रागवे, आणि स्वतःही पीत नसे. खडा काढल्यावर मी कडीसाठी तीन अर्ज दिले. शेवटी कडी मीच विकत आणून सुताराकडून बसवून घेतली. नळाला अजून पाणी नाही. शिपाईबाई सकाळी दोन बादल्या भरून ठेवतात.