घनसारमंजरीचं लग्न

नवऱ्याचं मन दुसरीवर गेलंय असं दिसताच राणी त्या पोरीला कोठडीत टाकते. आणि अमुक एका राजकन्येशी लग्न करणारा चक्रवर्ती होतो असं कानावर येताच तीच राणी नवऱ्याला बोहल्यावर चढवते. अकराशे वर्षांपूर्वी राजशेखराने हे नाटक लिहिलं, 'कर्पूरमंजरी'. त्यातली पोरगी आणली कुठून, तर वच्छोम नगरातून. वच्छोम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, म्हणजे आपलं वाशिम. पण गावात हे सांगितलं की लोक 'हो का?' म्हणतात आणि सोयाबीनच्या भावाकडे वळतात.

राजा चंडपालाच्या दरबारात भैरवानंद नावाचा एक कौलपंथी साधू येतो. दारूमांसाची गोडी तो लपवत नाही, वर चंद्र जमिनीवर उतरवून दाखवीन म्हणतो. विदूषक कपिंजल आधी दासी विचक्षणेशी कविता करण्यात हरून रुसलेला असतो. तो आता परत येऊन सुचवतो, की चंद्र राहू द्या, दक्षिणेत वच्छोमात एक सुंदर मुलगी पाहिलीय, तिला आणा. मंत्र पडतो आणि न्हाणीतून उठवलेली कर्पूरमंजरी ओलेत्याने भर दरबारात उभी! तिला विचारलं कुणी? कुणीच नाही. पुढे कळतं की ती राणी विभ्रमलेखेची मावसबहीण. मग राणी तिला मायेने ठेवून घेते, आणि राजा झोक्यावरच्या तिला बघत उसासे टाकू लागतो.

शेवटचा अंक तर आजही तसाच्या तसा चालेल. राणीने कर्पूरमंजरीला ज्या कोठडीत टाकलंय, तिथून चामुंडेच्या देवळापर्यंत भुयार आहे. राणी देवळात येते तर कर्पूरमंजरी समोर. राणीला संशय येतो, ती काहीतरी निमित्त काढून कोठडी बघायला धावते. तोवर पोरगी भुयारातून आधीच पोचून अंथरुणावर पडलेली. राणी निश्चिंत होऊन परत फिरते, तर देवळात पुन्हा तीच! पण ही म्हणे लाट देशाची राजकन्या घनसारमंजरी. घनसार म्हणजे कापूर आणि कर्पूर म्हणजेही कापूर, पण राजवाड्यात तेवढा विचार करायला कुणाला सवड नाही. भैरवानंदाने राजाशी तिचं लग्नच गुरुदक्षिणा म्हणून मागितलेलं असतं आणि राणीने शब्द दिलेला असतो.

पुष्कळ जण राणीला भोळी ठरवतात. मला ते पटत नाही. सवत नको म्हणून कोठडीपर्यंत गेलेली ही बाई मुकाट्याने लग्न लावते, ते पट्टराणीपेक्षा चक्रवर्तीची पट्टराणी मोठी म्हणून. भुयारापेक्षा तिचा हा हिशेबच तिला जास्त आंधळं करतो. राजाचं तर काय सांगावं! सबंध नाटकात एक बाण सोडत नाही आणि शेवटी सार्वभौम होतो.

राजशेखराला दरबार आतून माहीत होता. कनौजच्या प्रतिहार महेंद्रपालाचा तो गुरू. नाटक रंगमंचावर आलं ते बायको अवंतिसुंदरीच्या इच्छेने, हे त्याने प्रस्तावनेतच सांगून टाकलंय. राजांना संस्कृत आणि बायका-नोकरांना प्राकृत ही नाटकातली वाटणीही त्याने मोडली. इथे राजासुद्धा प्राकृतातच बोलतो. सोयरिकीतून सत्ता ही काही त्याची कल्पना नव्हे. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने आपली लेक प्रभावती वाकाटकांच्या दुसऱ्या, नंदिवर्धनच्या शाखेत दिली. नवरा लवकर गेल्यावर लहान मुलांच्या नावाने राज्य तिनेच चालवलं, आणि ताम्रपटात वंशावळ कोरली ती माहेरच्या गुप्तांची.

हे नाटक कुणीतरी वऱ्हाडीत करून वाशिमात लावावं. राणीचं काम करणारी चांगली नटी मिळेल, राजाला तर फार मेहनतच नाही. भैरवानंदाच्या कामासाठी मात्र तालमीआधीच भांडणं होतील; इच्छुक फार.