अपात्र कोण?

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10ची नियमित सुरक्षा-अद्यतने थांबली आणि आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या महाविद्यालयांतील जुने, पण धडधाकट संगणक ‘अपात्र’ ठरले. टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप नाही, प्रोसेसर मान्य यादीत नाही, एवढाच त्यांचा अपराध! ही तपासणी चुकवून विंडोज 11 अशा पुष्कळ यंत्रांवर चढवता येते आणि चालतेही. फक्त कंपनी हमी घेत नाही. म्हणजे उणीव कुवतीची नसून परवानगीची आहे. सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही; पण भंगार हे त्याचे उत्तर नव्हे. लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 साली 386 प्रोसेसरसाठी लिहायला घेतलेले लिनक्स आज मोबाइलपर्यंत पोचले आहे. जुन्या संगणकावरही ते युनिकोड मराठीसह निमूट चालते.

पात्रतेच्या अशा याद्या साहित्यातही असतात. निरक्षर बहिणाबाईंची (1880–1951) गाणी घरच्यांनी लिहून ठेवली, म्हणून 1952 साली ती पुस्तकरूपाने आली. त्यांचे नाव मिरवणाऱ्या विद्यापीठाच्या परिसरात, अहिराणी शब्दसंग्रह टिपण्यास पुरेसे यंत्र केवळ यादीत नाही म्हणून मोडीत काढणे, याला आम्ही करंटेपणाच म्हणतो.