मालकांचे क्लब आणि गावांचे क्लब

एखादा फुटबॉल क्लब बंद पडल्याची बातमी आपल्याकडे क्रीडापृष्ठाच्या तळाशी चार ओळींत छापली जाते आणि दुसऱ्या दिवशी विसरली जाते. ज्याने पैसे घातले त्याला परवडेनासे झाले, त्याने दुकान मिटले. त्यात हळहळण्यासारखे काय, असे शहाणी माणसे विचारतात. या शहाणपणालाच आमचा आक्षेप आहे. क्लब म्हणजे दुकान, हे गृहीतच मुळात खोटे आहे. ते एकदा मान्य केले की मैदान, शाळा, दवाखाना, वाचनालय यांपैकी काहीही दुकान ठरवता येते.

इंग्लंडमधील बेरी या गावाचे उदाहरण घ्या. लँकेशायरमधील हे गिरणगाव. ज्या लँकेशायरने वसाहतींतला कापूस स्वस्तात ओढून नेला आणि त्याचेच कापड आपल्या बाजारात महाग विकले, त्या लँकेशायरशी गावरानी कापूस पिकवणाऱ्या नांदेडच्या शेतकऱ्याचे नाते जुने आहे. परंतु तेथील कामगार काही आपला शोषक नव्हता. तोही त्याच चक्रात भरडला जात होता. त्या गावाचा क्लब १८८५ मध्ये स्थापन झाला. १९०० आणि १९०३ अशी दोन वर्षे त्याने इंग्लंडचा एफ. ए. चषक जिंकला, १९०३ च्या अंतिम सामन्यात डर्बी काउंटीवर सहा गोल चढवले. गिरण्या गेल्या, क्लब राहिला. मग क्लबाला मालक लाभले. एका मालकाने मैदान गहाण टाकले. पुढच्या मालकाने डिसेंबर २०१८ मध्ये संपूर्ण क्लब अवघ्या एका पौंडाला घेतला. देणी फेडण्याची ऐपत तो सिद्ध करू शकला नाही, आणि २७ ऑगस्ट २०१९ रोजी लीगने बेरीला काढून टाकले. १८९४ पासून लीगमध्ये असलेला क्लब एका माणसाच्या हिशेबापायी बाहेर फेकला गेला. दोन महायुद्धांना जे जमले नाही ते एका पौंडाच्या सौद्याने करून दाखवले.

हे दूरदेशीचे रडगाणे आम्हाला कशाला, असे कोणी म्हणेल. तर मग घरचाच हिशेब मांडू. मुंबईत महिंद्र कंपनीचा संघ १९६२ मध्ये उभा राहिला. पुढे ‘महिंद्र युनायटेड’ या नावाने त्याने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० मध्ये कंपनीने तो विसर्जित केला. संघ हरत होता म्हणून नव्हे. कंपनीचे धोरण बदलले म्हणून. पुण्यात तर २०१५ ते २०१९ या काळात चार संघ नाहीसे झाले. कल्याणी समूहाचा भारत एफसी एक हंगाम खेळून २०१५ मध्ये गेला. पिरामल समूहाचा पुणे एफसी त्याच सुमारास मिटला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये लीगबाहेर पडला. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीचा अंत झाला आणि त्याची लीगमधील जागा हैदराबादला गेली. हैदराबादच्या या संघाने २०२१-२२ ची स्पर्धा जिंकली. तरीही २०२५ मध्ये तो दिल्लीस हलवण्यात आला. पुण्याची जागा हैदराबादला, हैदराबादची दिल्लीला. घोड्यांच्या बाजारात जनावराचे दावे ज्या सहजतेने एका हातातून दुसऱ्या हातात जाते, त्याच सहजतेने.

हैदराबादचे दुःख मराठवाड्याला परके नाही. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो. त्या काळी हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. तो संघ घडवणारे सय्यद अब्दुल रहीम यांनीच भारताला १९५६ च्या ऑलिम्पिकमध्ये चौथे स्थान आणि १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून दिले. हे वैभव कोणा धनिकाच्या तिजोरीतून आलेले नव्हते. सरकारी नोकरीत असलेले शिपाई आणि एक शिक्षक यांच्या घामातून ते आले होते. त्या परंपरेचा वारसा सांगणारा शहरातला व्यावसायिक संघ आज उचलून नेला जातो, आणि हैदराबादकरांना कोणी विचारतही नाही.

यावर ठरलेले उत्तर असे की, खासगी पैसा आल्यावाचून खेळाचा विकास होत नाही. हा प्रयोगही झालेला आहे. २०१० मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने ७०० कोटी रुपयांच्या मोबदल्यात खेळाचे व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी आयएमजी-रिलायन्सच्या हवाली केले. त्यातून २०१४ मध्ये झगमगती लीग निघाली. तिचे दरवाजे खालून गुणवत्तेवर वर येणाऱ्या संघांना कित्येक वर्षे बंद राहिले. कराराची मुदत संपत आली तेव्हा काय घडले? जुलै २०२५ मध्ये आगामी हंगामच स्थगित झाला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. पंधरा वर्षांच्या ‘विकासा’नंतर देशाची सर्वोच्च स्पर्धा एका कागदाच्या मुदतीवर लटकत होती. याला विकास म्हणायचे असेल तर परावलंबन कशाला म्हणावे?

दुसरा मार्ग आहे, आणि तो आपल्याच महाराष्ट्रात आहे. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम हे फुटबॉलचे संघ आहेत. ते पेठांचे आहेत, तालमींचे आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने पाहायला गाव लोटते. त्या संघांत हेवेदावे आहेत, हाणामाऱ्याही होतात, पैशाची चणचण तर पाचवीला पुजलेली. परंतु त्यांतला एखादा संघ उचलून दिल्लीला नेण्याची छाती कोणाची होईल? जे सर्वांचे आहे ते विकायला एकटा मालकच नसतो. जर्मनीत हेच तत्त्व नियमाने बांधले आहे: काही अपवाद वगळता क्लबातील निम्म्याहून अधिक मताधिकार सभासदांच्या हाती राहिलाच पाहिजे. इंग्लंडलाही उशिरा जाग आली. २००२ मध्ये विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला हलवण्यास परवानगी मिळाली, तेव्हा प्रेक्षकांनी स्वतःचा नवा क्लब काढला आणि नऊ वर्षांत तो लीगमध्ये नेला. बेरीच्या लोकांनी २०२२ मध्ये आपले मैदान परत मिळवले. त्या मैदानावर बेरीचा संघ आज पुन्हा खेळतो, खालच्या पायरीवर का होईना. २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेने क्लबांच्या मालकांवर देखरेख ठेवणारा स्वतंत्र नियामक कायद्याने निर्माण केला.

सभासदांची मालकी म्हणजे रामबाण उपाय, असा भाबडेपणा आम्ही करणार नाही. सहकाराच्या नावाने उभे राहिलेले साखर कारखाने मूठभरांची जहागीर कसे बनले आणि पुढे खासगी घशात कसे गेले, हे मराठवाड्याने उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु त्याचा धडा सहकार सोडा असा नसून सभासदाने जागे राहा असा आहे. सहकारात चोराला जाब विचारण्याचा हक्क निदान कागदावर तरी उरतो. मालकीत तेवढाही उरत नाही.

आता लोह्यासारख्या तालुक्याच्या गावाचा यात संबंध काय ते पाहू. आमच्याकडे मोठा फुटबॉल क्लब नाही, हे खरे. पण आमच्या तालुक्यातच माळेगावची यात्रा भरते. खंडोबाच्या साक्षीने तेथे जनावरांचा बाजार भरतो आणि कुस्त्यांची दंगल होते. उद्या एखाद्या कंपनीने ही यात्रा विकत घेतली, तिकीट लावले आणि चार वर्षांनी नफा दिसेना म्हणून ती पुण्याला हलवली, तर आपण गप्प बसू काय? मग कबड्डीचा, कुस्तीचा, क्रिकेटचा संघ शहराच्या नावाने उभा करून नंतर तो गुंडाळला जातो, तेव्हा ते नाव कोणाचे होते, हा प्रश्न आपण का विचारत नाही? गावाचे नाव ही कोणाच्या बापजाद्यांची मिळकत नव्हे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक तालुक्याच्या गावी खेळाचे मैदान नगरपरिषदेच्या मालकीचे असावे, आणि ते विकण्यास किंवा दीर्घ मुदतीच्या भाड्याने देण्यास कायद्याने बंदी असावी. सरकारी जमीन वा अनुदान घेणाऱ्या प्रत्येक क्लबात सभासदांना मताचा अधिकार असावा. गावाचे वा शहराचे नाव लावणारा संघ सभासदांच्या मतावाचून हलवता अथवा मिटवता येऊ नये. यांतली पहिली मागणी आपल्याच नगरपरिषदेपासून सुरू होते. तिच्यासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत आपल्या नगरसेवकाला एकच प्रश्न विचारा: आमचे मैदान कोणाच्या नावावर आहे?